पारितोषिकांचा हंगाम

पौष सरून माघ लागला म्हणजे आमच्या वाईंत दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक कृष्णाबाईच्या उत्सवाचा. घाटांवर मांडव पडतात, आळीआळींतील मंडळी आपापल्या तयारीस लागतात आणि थंडीनें आकसलेला नदीकांठ पुनः बोलका होतो. दुसरा हंगाम डोळ्यांना दिसत नाहीं, पण कानांवर मात्र सारखा येत असतो. तो चित्रपटांच्या पारितोषिकांचा. ऑस्करसाठीं यंदा कोणाचें नामांकन झालें, मुंबईच्या याद्यांत कोण बसलें व कोण राहिलें, टीकाकारांनीं कोणास उचलून धरलें, या वार्ता घरोघरच्या मोबाइलवर येऊन थडकतात. आणि मधल्या सुट्टींत डब्याचें झांकण निघण्यापूर्वींच त्यांवर खडाजंगी सुरू होते. आपल्या आवडत्या नटाचें नांव यादींत नसलें, तर जणुं आपल्याच घरावर अन्याय झाला, अशा आवेशानें आमचे विद्यार्थी परीक्षकांची हजेरी घेतात.

सिनेमा हें खूळ आहे, अभ्यासाचा तो वैरी आहे, असें सांगून बालवाचकांचे कान उपटावेत, हा आमचा हेतु नाहीं. शिवाय वाईकरांच्या तोंडीं तें शोभणारहि नाहीं. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या घाटांनीं व वाड्यांनीं परप्रांतांचीं सोंगें जितकीं घेतलीं, तितकीं एखाद्या मुरलेल्या बहुरूप्यानेंहि घेतलीं नसतील. २००३ सालच्या 'गंगाजल'मध्यें आमचा मुलूख बिहार झाला. २००४ सालच्या 'स्वदेस'मध्यें वाईशेजारचें मेणवली हें उत्तर प्रदेशांतील चरणपूर झालें. २०१० सालच्या 'दबंग'मध्यें आमची वाई लालगंज झाली. यांपैकीं 'गंगाजल'ला सामाजिक प्रश्नावरील चित्रपट म्हणून राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. 'दबंग'ला निकोप करमणूक करणारा लोकप्रिय चित्रपट म्हणून तोच मान लाभला; शिवाय फिल्मफेअरनेंहि त्यास त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविलें. ज्या पायऱ्यांवर व ज्या गल्ल्यांत हें सर्व घडलें, त्यांस मात्र कोणत्याहि यादींत स्थान नाहीं. आणि त्याबद्दल त्यांची तक्रारहि नाहीं. तेव्हां पारितोषिक म्हणजे काय, तें कोण देतें, आणि तें न मिळाल्यानें काय बिघडतें, याचा विचार करण्यास वाईइतकें सोईचें ठिकाण विरळाच.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. आपल्या देशांतील दोन मोठीं चित्रपट-पारितोषिकें एकाच वर्षीं, १९५४ सालीं, जन्मास आलीं. त्या वर्षीं २१ मार्च रोजीं मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहांत फिल्मफेअर पारितोषिकांचा पहिला समारंभ झाला. आज या समारंभास एक रात्र पुरत नाहींशी झाली आहे. त्या वेळीं पारितोषिकें अवघीं पांच होतीं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' यास मिळाला. त्याच वर्षीं भारत सरकारनेंहि चित्रपटांस पारितोषिकें देण्यास प्रारंभ केला, आणि राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या मराठी चित्रपटास मिळालें. साने गुरुजींच्या ज्या पुस्तकावर तो आधारलेला आहे, तें आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं असेलच. सरकारी परीक्षकांनीं 'दो बिघा जमीन'ची कदर केली, पण ती प्रशस्तिपत्रक देऊन. सुवर्णपदक देऊन नव्हे.

म्हणजे एकाच वर्षाच्या चित्रपटांची परीक्षा दोन ठिकाणीं झाली आणि पहिला क्रमांक दोन निरनिराळ्या चित्रपटांस मिळाला. मग चुकलें कोण? आमच्या मतें कोणीच नाहीं. फिल्मफेअरची नजर हिंदी चित्रपटांवर होती; सरकारास सर्व भाषा सारख्या होत्या. एका चित्रपटानें कर्जापायीं जमिनीस मुकणाऱ्या शेतकऱ्याचें दुःख डोळ्यांपुढें उभें केलें. दुसऱ्यानें गरीब घरांतील माउलीची शिकवण. त्या दोहोंस एकाच काट्यावर तोलील असा तराजू अद्यापि कोणीं घडविलेला नाहीं. तराजू बदलला कीं वजनहि निराळें भरतें, एवढाच याचा अर्थ.

हे तराजू तरी किती? पहिला लोकांचा. तिकिटाच्या खिडकीपुढील रांग हाच त्यांचा निकाल. दुसरा टीकाकारांचा. तिसरा परीक्षकमंडळाचा, तें बंद दाराआड बसून, ढीगभर चित्रपट पाहून, आपसांत वाद घालून अखेर एक नांव बाहेर काढतें. लोकांस आनंद चटकन् कळतो, परंतु पुष्कळदां तो घाईचा असतो. परीक्षकमंडळास नियम बांधून ठेवितात. टीकाकार मोकळा असतो, परंतु केव्हां केव्हां स्वतःच्याच विद्वत्तेच्या सावलींत बसून तो उन्हांत काय चाललें आहे हें विसरतो. तथापि चांगला टीकाकार हा मोठा उपकारकर्ता होय. आपण गोष्टीच्या ओघांत वाहत असतां जें आपल्या नजरेंतून निसटतें, तें तो बोट धरून दाखवितो. अमका नट रडला म्हणून आपण रडलों, हें आपणांस कळतें. परंतु तो ज्या क्षणीं रडला नाहीं, त्याच क्षणीं त्याचा खरा अभिनय झाला, हें टीकाकार सांगतो.

क्वचित् तिन्ही तराजूंचे कांटे एकाच रेषेंत येतात. प्रभात कंपनीच्या 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या बोलपटाचें तसें झालें. मुंबईंत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं इटलींतील व्हेनिस येथील महोत्सवांतहि त्याचा विशेष गौरव झाला. दामले व फत्तेलाल या जोडीची ती कृति. असा योग दुर्मिळ. आणि दुर्मिळ असतो म्हणूनच इतर वेळीं भांडणास जागा राहते.

आतां ऑस्करकडे वळूं; कारण सर्वांत मोठा गलबला त्याचाच. परभाषेंतील चित्रपटांसाठीं जें ऑस्कर आहे, त्याकरितां प्रत्येक देशानें वर्षाकांठीं एकच चित्रपट पाठवावयाचा असतो. जगभरांतून आलेल्या या चित्रपटांतून चाळण लावीत लावीत अखेर पांच उरतात. त्या पांचांत येणें यासच नामांकन म्हणतात. आणि त्यांतून एकाच्या गळ्यांत माळ पडते. येथवर आपले तीनच चित्रपट पोहोंचले: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. 'लगान'ची वेळ २००२ सालीं आली, आणि सारा देश श्वास रोखून बसला असतां पारितोषिक बॉस्निया या युद्धानें पोळलेल्या चिमुकल्या देशाच्या 'नो मॅन्स लँड'कडे गेलें.

त्यानंतर दोनच वर्षांनीं महाराष्ट्रावर असाच प्रसंग आला. संदीप सावंत यांच्या 'श्वास' या चित्रपटास २००४ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनीं हा मान मराठीकडे परत आला होता. नातवाची दृष्टि जाणार हें कळल्यावर त्याला जग डोळे भरून दाखविणाऱ्या आजोबांची ती साधी कथा. भारतातर्फें ऑस्करसाठीं तिचीच निवड झाली. परंतु अमेरिकेंत चित्रपट परीक्षकांच्या नजरेस आणावयाचा म्हणजे खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात, आणि त्यास पैसा लागतो. तो या मंडळींपाशीं नव्हता. तेव्हां महाराष्ट्रांतील लोकांनीं वर्गणी जमविली. शाळांतील मुलांनीं सुद्धां त्यास हातभार लावला. शेवटीं पांचांच्या यादींत 'श्वास'चें नांव आलें नाहीं. २०१५ सालीं चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ची गतहि तीच झाली. व्हेनिस येथें त्याचा सन्मान झाला होता, घरीं राष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें होतें, पण ऑस्करच्या चाळणींतून तो खालीं राहिला.

मग ती वर्गणी वाया गेली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या मुलानें खाऊच्या पैशांतून आपला वांटा उचलला, त्यानें एका चांगल्या कृतीच्या पाठीशीं उभें राहणें म्हणजे काय, हें त्या दिवशीं शिकून घेतलें. चाहता असावा तर असा. आपल्या आवडत्या नटासाठीं दुसऱ्यास शिवीगाळ करणारा आणि आपल्या आवडत्या कृतीसाठीं स्वतःच्या खिशांत हात घालणारा, या दोघांसहि आपण चाहता हें एकच नांव देतों. परंतु दोघांत अंतर फार आहे.

ऑस्करचाच विषय निघाला आहे, तर आमच्या शेजारच्या कोल्हापूरची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. भानु अथैया यांचा जन्म १९२९ सालीं कोल्हापुरांत झाला. 'गांधी' या चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल १९८३ सालीं त्यांना जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर मिळालें. ऑस्कर मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ति ही मराठी मुलुखांतील एक स्त्री होती, आणि तिचें काम सुईदोऱ्याचें, रंगाचें व पोताचें होतें. पडद्यावर ज्याचा चेहरा दिसत नाहीं, अशा कामाचा तो गौरव होता. पुढें २०१२ सालीं, ती मूर्ति आपल्या पश्चात् नीट जपली जावी म्हणून, बाईंनीं ती ऑस्कर देणाऱ्या संस्थेकडे परत सोपविली. २०२० सालीं त्या निवर्तल्या. ज्या मूर्तीसाठीं जगभरचे कलावंत जन्मभर झुरतात, ती हातीं असतां तिचा संभाळ कोठें नीट होईल एवढाच विचार करणारें मन किती निर्लेप असेल, याचा वाचकांनींच विचार करावा.

आतां आपल्या मेणवलीकडे परत येऊं. 'स्वदेस' १७ डिसेंबर २००४ रोजीं पडद्यावर आला. दिग्दर्शक 'लगान'चेच आशुतोष गोवारीकर, आणि नायक शाहरुख खान. नाना फडणविसांचा वाडा, त्याखालचा घाट व संथ वाहणारी कृष्णा पाहून आम्हां वाईकरांचा ऊर भरून आला. परंतु तिकिटाच्या खिडकीवर अपेक्षेइतकी गर्दी झाली नाहीं. फिल्मफेअरनें शाहरुख खान यांस सर्वोत्कृष्ट नट ठरविलें. राष्ट्रीय पारितोषिकांत छायाचित्रणाबद्दल महेश अणे यांचा आणि गायनाबद्दल उदित नारायण यांचा गौरव झाला. परंतु नटाचें पारितोषिक 'हम तुम'बद्दल सैफ अली खान यांस मिळालें. चाहत्यांस तें रुचलें नाहीं. एकाचा अभिनय गंभीर, दुसऱ्याचा खेळकर; यांत श्रेष्ठ कोणता, हा वाद पुढें वीस वर्षें चालला. दरम्यान एक नवलाची गोष्ट घडली. ज्या चित्रपटाकडे लोकांनीं प्रथम पाठ फिरविली, तोच घरोघरीं पुनः पुनः पाहिला जाऊं लागला, आणि चरणपूर पाहण्यासाठीं दूरदूरचे प्रवासी मेणवलीस येऊं लागले. सर्व तराजूंच्या वर अपील चालतें तें काळापुढें, तें असें.

पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें, २०२३ सालच्या चित्रपटांचीं राष्ट्रीय पारितोषिकें जाहीर झालीं. सर्वोत्कृष्ट नटाचा मान या खेपेस दोघांत वांटून दिला होता: 'जवान'बद्दल शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'बद्दल विक्रांत मॅसी. परीक्षकमंडळाचे अध्यक्ष होते 'स्वदेस'चे दिग्दर्शक गोवारीकर. त्याच यादींत उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून नव्या 'श्यामची आई'चें नांव होतें. चाहत्यांत पुनः गदारोळ उठला. कोणी म्हणे, वीस वर्षांपूर्वींचें देणें फिटलें. कोणी म्हणे, 'स्वदेस'चें पारितोषिक 'जवान'ला कां. कोणी म्हणे, दोघांत वांटलें तें कां.

या निकालाच्या संध्याकाळीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं जें घडलें, तें त्यांच्या अनुमतीनें येथें सांगतों. 'स्वदेस'चें चित्रीकरण चालू असतां हे गृहस्थ तरुण होते, आणि तीन दिवस काम बुडवून मेणवलीस गर्दींत उभे राहिले होते. त्यांच्या मुलास २०२५ च्या उन्हाळ्यांत बारावीच्या परीक्षेंत अपयश आलें. निकाल लागल्यापासून बापलेकांत बोलणें असें उरलेंच नव्हतें. जेवावयास ये, दिवा मालव, एवढ्यावर संभाषण संपे. त्या संध्याकाळीं वार्ता ऐकून वडील मोठ्यानें म्हणाले, "अखेर न्याय झाला!" मुलगा कोपऱ्यांत बसला होता. तो म्हणाला, "बाबा, दुसरें नांव ऐकलंत का?"

"ऐकलं. कोण तो?"

"त्याचा चित्रपट तुम्ही पाहिलेला नाहीं. मी चार वेळां पाहिला."

तो चित्रपट एका अशा मुलाची खरी हकीकत सांगतो, कीं जो बारावींत नापास झाला आणि पुढें अनेक खेपा खाऊन पोलीस खात्यांतील मोठा अधिकारी झाला. वडिलांनीं तो त्याच रात्रीं मुलाशेजारीं बसून पाहिला. संपल्यावर दोघेहि बराच वेळ उगे राहिले. मग वडिलांनीं विचारलें, "पुन्हा केव्हां बसायचं आहे परीक्षेला?" मे महिन्यापासून हा प्रश्न त्यांनीं विचारला नव्हता. मुलगा म्हणाला, "फेब्रुवारींत." दुसऱ्या दिवशीं मुलानें आपण होऊन 'स्वदेस' लावला, आणि घाटाचें दृश्य येतांच वडिलांस विचारलें, "तुम्ही यांत कुठं आहां?" ते म्हणाले, "यांत नाहीं. मी पलीकडल्या कांठावर होतों."

त्या मुलाच्या पुढील परीक्षेचें काय झालें, हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आम्हांस एवढेंच दिसतें, कीं परीक्षकांनीं दोन नांवें एका ओळींत लिहिलीं, आणि तीं वाचतांना एका घरांतील दोन माणसें एका पंक्तीस आलीं. तसेंच हेंहि दिसतें, कीं वाद घालण्यापूर्वीं दुसऱ्याची आवड एकदां पाहून घेतली, तर निम्मे वाद आपोआप मिटतात. मधल्या सुट्टींतील वीरांस आमची म्हणूनच एक सूचना आहे. ज्या चित्रपटानें तुमच्या आवडत्या चित्रपटास हरविलें, तो आधीं पहावा, मग परीक्षकांस दोष द्यावा. पाहिल्यावरहि मत कायम राहिलें, तर तें खुशाल मांडावें. असें मत ऐकण्यासारखें असतें.

मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण म्हणून सांगतात. तिच्यावर १७०७ हें साल व बाळास घेतलेल्या मातेची आकृति आहे. एका काळीं ती जेत्यांचें पारितोषिक होती. आज तेथें जाणारा मनुष्य कोण जिंकला व कोण हरला याचा हिशेब करीत नाहीं. तो घंटेच्या घडणीकडे पाहत उभा राहतो. आणि वाईंतच दुसरेंहि एक उदाहरण आहे. १९५५ सालीं साहित्य अकादमीचें मराठी भाषेसाठीं असलेलें पहिलें पारितोषिक 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाबद्दल आमच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांस मिळालें. परंतु शास्त्रीबुवा त्यावर थांबले नाहींत. त्यांच्या हातून पुढें मराठी विश्वकोशाचें प्रचंड काम याच गांवीं उभें राहिलें. त्यांतील नोंदी तपासणाऱ्या, मुद्रितें वाचणाऱ्या कितीतरी माणसांवर कधीं टाळ्या पडल्या नाहींत. पण कोठें अडलें कीं आमचा विद्यार्थी आजहि त्याच खंडांकडे धांव घेतो.

थोड्याच दिवसांत आपल्या शाळेचाहि पारितोषिकसमारंभ होईल. मांडव उभा राहील, नांवें पुकारलीं जातील, कांहीं मुलें पेढ्यांसारखीं गोड चेहऱ्यानें पायऱ्या चढतील आणि पुष्कळशीं खालीं बसून टाळ्या वाजवितील. ज्यांचीं नांवें पुकारलीं जातील, त्यांचें आम्ही मनापासून अभिनंदन करतों. पालकांस मात्र एक विनंति आहे. घरीं परततांना, ज्या मुलाचें नांव पुकारलें गेलें नाहीं, त्यास "तुला काय मिळालें?" असें न विचारतां, "यंदा तुला काय करतांना आनंद झाला?" असें विचारावें, आणि त्याचें उत्तर पुरें होईतों ऐकून घ्यावें. तें उत्तर कोणत्याहि यादींत छापलें जाणार नाहीं. पण पुढील वर्षभर तें मूल ज्या उमेदीवर उभें राहावयाचें, ती उमेद त्याच उत्तरांत असेल.